आठ घरं, एक गच्ची

प्रस्तावना

चेन्नईत वर्षातून दोन दुपारी माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. एक एप्रिलच्या चोवीस तारखेच्या आसपास, दुसरी ऑगस्टच्या अठराच्या सुमाराला. शहर तेरा अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे या दोन दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अशाच एका एप्रिलच्या दुपारी वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी टेप घेऊन मोजमाप करत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मामींनी तिथे जुनी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, अंथरून वडाम वाळत घातले होते. वडाम म्हणजे आपल्या तांदळाच्या पापड्यांचं तमिळ भावंड. वेष्टीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि कावळ्यांना धाक म्हणून बाजूला उघडून ठेवलेली काळी छत्री. माझ्या हातातला टेप बघून मामींनी विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं, सोलर पॅनेल बसवायचा विचार आहे. त्यांनी वेष्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अप्पो वडाम एंग काय वैक्करदु?" मग वडाम वाळवायचे कुठे?

त्या संध्याकाळी इमारतीच्या बैठकीत मांडायला मी जगभरची आकडेवारी गोळा करून ठेवली होती. त्यातला एकही आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं.

आधी जगाचं सांगते, कारण तिथला वेग खरोखर डोळे विस्फारायला लावणारा आहे. २००४ मध्ये साऱ्या जगात मिळून एक गिगावॉटची, म्हणजे एक हजार मेगावॉटची, पॅनेल बसवायला जवळजवळ एक वर्ष लागत होतं. २०१० मध्ये तेवढ्याच कामाला महिना लागायचा, २०१६ मध्ये आठवडा. २०२४ मध्ये जगाने वर्षभरात सुमारे सहाशे गिगावॉट बसवले, म्हणजे दिवसाला दीड गिगावॉटहून जास्त. एकूण क्षमतेने पहिला हजार गिगावॉटचा टप्पा २०२२ मध्ये गाठला. सिलिकॉनच्या पहिल्या उपयोगी सौरघटापासून तिथवर यायला जवळजवळ सात दशकं गेली. पुढचे हजार गिगावॉट दोन वर्षांत आले. भारताने २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं तेव्हा २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॉट हे लक्ष्यसुद्धा अनेकांना हवेतलं वाटलं होतं. २०२५ च्या जानेवारीत देशाने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला.

मी पाटण तालुक्यातली. आमच्याकडे विजेचं माप म्हणजे कोयना. घाटमाथ्यावरचं धरण, डोंगराच्या पोटातली वीजगृहं, पाण्याखाली गेलेली गावं आणि मुंबईकडे गेलेल्या तारा, हे सगळं ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट. त्या मापाने २०२४ या एका वर्षात जगाने तीनशे कोयना उभ्या केल्या. हा हिशेब अर्थात पाटीवरच्या क्षमतेचा. पॅनेल रात्री झोपतं, ढगात पेंगतं. म्हणून वर्षभराची सरासरी काढली तर पाटीवरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच वीज हाती येते, पुष्कळदा त्याहूनही कमी. तरीही जगाच्या एकूण विजेतला सौर हिस्सा २०१५ च्या सुमारास एक टक्का होता, तो २०२४ मध्ये सात टक्क्यांच्या घरात गेला.

असं का झालं, याचं उत्तर कोयनेशी तुलना केली की आपोआप मिळतं. धरण एकदाच बांधतात. प्रत्येक नदी वेगळी, प्रत्येक डोंगर वेगळा, त्यामुळे एका धरणावर शिकलेलं दुसऱ्या धरणावर थोडंच उपयोगी पडतं. पॅनेल ही कारखान्यात बनणारी वस्तू आहे, बिस्किटाच्या पुड्यासारखी एकामागून एक. कोट्यवधी नग काढताना कामगार शिकतात, यंत्रं सुधारतात, सिलिकॉनची चकती पातळ होत जाते, वाया जाणारा माल घटतो. एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, हा अनुभव गेली कित्येक दशकं टिकून आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सूर्यप्रकाशाच्या सहा टक्के विजेत बदलणारा सिलिकॉनचा घट दाखवला, पण त्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते अवकाशात. १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहावर तो गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यात एका वॉटच्या पॅनेलला आजच्या पैशांत शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागत. आज कारखान्याच्या दारात तेवढ्याला दहा-बारा सेंट पडतात. मधल्या काळात जर्मनीने २००० च्या कायद्याने सौरविजेला वीस वर्षं ठरावीक भाव बांधून दिला आणि बाजारपेठ तयार केली. त्या बाजारपेठेसाठी चीनने कारखाने काढले आणि माल स्वस्त केला. भारतातही २०१० मध्ये सौरविजेचा संदर्भ दर युनिटला सतरा रुपयांच्या वर होता. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो एक रुपया नव्व्याण्णव पैशांवर आला.

आता मांबलमकडे वळू. विजेशी या भागाची ओळख जुनी आहे. मद्रास बीच ते तांबरम ही मीटरगेज लोकल १९३१ मध्ये विजेवर धावू लागली, आणि मांबलम स्टेशन त्याच मार्गावर आहे. रुळांच्या पूर्वेला टी. नगर, त्यातली ती रंगनाथन स्ट्रीटची गर्दी. पश्चिमेला आम्ही: आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, भाजीच्या गाड्या आणि एक लेक व्ह्यू रोड, जिथून आता कुठलंही तळं दिसत नाही. शहराने तळं बुजवलं, नाव ठेवलं. जुन्या घरांना मद्रास टेरेसची छतं होती, सागाच्या तुळयांवर उभ्या विटा आणि चुना. ती घरं पाडून तीन-तीन मजल्यांच्या इमारती झाल्या. छत पूर्वी एका कुटुंबाचं होतं, ते आठ कुटुंबांचं झालं. या पुस्तकाचा सगळा पेच या एका वाक्यात आहे.

महाराष्ट्रात आपण "लाइट गेली" म्हणतो, इथे "करंट पोच्चु" म्हणतात. २०१२ मध्ये हे शब्द तमिळनाडूत रोज ऐकू येत. चेन्नईत ठरलेल्या वेळी तास-दोन तास वीज जायची, जिल्ह्यांत त्याच्या कितीतरी पट. त्याच वर्षी राज्याने आपलं सौर धोरण जाहीर केलं. याच शहरात, किल्पॉकमध्ये, डी. सुरेश यांनी २०१२ मध्ये आपल्या घरावर एक किलोवॉटची यंत्रणा बसवली आणि 'सोलर सुरेश' हे नाव कमावलं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या कमुदी इथे ६४८ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. एका जागी असलेल्या तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक. २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला फर्स्ट सोलरचा पॅनेल बनवणारा कारखाना सुरू झाला. कारखाना इथे, प्रकल्प इथे, ऊन तर विचारूच नका. आणि आमच्या गल्लीत उभं राहून वर पाहिलं तर दिसतात पाण्याच्या काळ्या टाक्या, डिश अँटेना आणि वाळत घातलेले कपडे.

याची कारणं आळस किंवा अज्ञान यांत शोधणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पहिलं कारण बिलात आहे. तमिळनाडूत वीजबिल दोन महिन्यांनी येतं आणि त्यातली पहिली शंभर युनिट फुकट असतात. पुढच्या टप्प्यांवरही सवलत आहे. दोन पंखे, एक फ्रिज आणि टीव्ही एवढ्यावर चालणाऱ्या घराचं बिल इतकं लहान असतं की पॅनेलचे पैसे वसूल व्हायला उमर जाईल. तीन एसी असलेल्या घराला मात्र वरच्या टप्प्यातली महाग युनिट वाचतात, त्याचे पैसे काही वर्षांत निघतात. म्हणजे काटकसरीने वीज वापरणाऱ्याला सौरऊर्जा परवडत नाही आणि उधळणाऱ्याला परवडते. यात मामींचा काय दोष?

दुसरं कारण नियमांचं. दुपारी घरात कोणी नसताना तयार झालेली वीज जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, द्यायची, रात्री परत घ्यायची आणि फरकाचं बिल भरायचं, याला नेट मीटरिंग म्हणतात. तमिळनाडूत ही सोय होती, २०१९ मध्ये ती बदलून दिलेल्या विजेला कमी भाव देणारी पद्धत आली, २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ती पुन्हा परतली. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू घेणारा माणूस दर दोन वर्षांनी बदलणारे नियम बघून हात आखडता घेतो.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण गच्चीच्या मालकीचं. एक किलोवॉटला सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. आमच्या गच्चीतून जिन्याची खोली, टाक्या आणि शेजारच्या नारळाची सावली वजा केली की सातशे चौरस फूट उरतात. त्यातला आठवा हिस्सा प्रत्येकाचा, पण तो कुठला हे कोणाच्याच कागदावर लिहिलेलं नाही. तीन घरांत भाडेकरू, एक मालक न्यू जर्सीत. भाडेकरू म्हणतो, मी पैसे का घालू? मालक म्हणतो, बिल तर भाडेकरू भरतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळतं. ज्याचं स्वतंत्र घर आहे, त्याच्यासाठी ही योजना सोन्यासारखी. ज्याच्याकडे छताचा आठवा, अदृश्य हिस्सा आहे, त्याने काय करायचं?

आमच्या इमारतीत वाट सापडली ती सगळ्यांच्या सामायिक मीटरमध्ये. पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे आणि फाटकावरचा दिवा त्याच्यावर चालतात. त्याचं बिल आठही घरं सारखं भरतात, म्हणून त्याच्या बचतीवरही आठांचा सारखाच हक्क. शिवाय या मीटरला फुकट युनिट नाहीत. २०२२ मध्ये त्याचा दर आठ रुपयांवर गेला होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दहापेक्षा जास्त घरं नसलेल्या, तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींसाठी तो साडेपाच रुपये करण्याची घोषणा झाली. वसाहतींच्या सामायिक वापरासाठी सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे अठरा हजारांचं वेगळं अनुदान आहे. दोन किलोवॉट म्हणजे चार पॅनेल, जागा दोनशे चौरस फूट. चेन्नईत एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे आठ युनिट. मोटर आणि दिवे मिळून आमचा खर्च त्याहून कमी. एकच बदल करावा लागला: वॉचमन पहाटे साडेपाचला मोटर लावायचा, तो आता अकराला लावतो. वीज तयार होते तेव्हाच वापरायची, हे सौरऊर्जेचं अर्धं शास्त्र आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. ठराव व्हायला चौदा महिने लागले. एका ठेकेदाराने तर बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं की करंट गेला तरी तुमची मोटर चालूच राहील. २०१५ च्या पुरात आणि २०१६ च्या डिसेंबरात वरदा वादळानंतर दिवसेंदिवस अंधारात काढलेल्या माणसांना याहून गोड काय लागणार? पण ते खोटं होतं. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, आणि तो तसा पडायलाच हवा. नाहीतर खांबावर चढून तार जोडणाऱ्या वायरमनच्या अंगात आमच्या गच्चीवरची वीज जायची. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि खर्च पुष्कळ वाढतो.

दुसरा गैरसमज उन्हाचा. मे महिन्यात अंग भाजतं, म्हणजे वीज जास्त, असं सगळ्यांना वाटतं. पॅनेलला हवा असतो प्रकाश, ताप नव्हे. त्याची पाटीवरची क्षमता पंचवीस अंशांना मोजलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. चेन्नईच्या गच्चीवर दुपारी काच साठ अंशांच्या वर जाते, तेव्हा दहावा हिस्सा तर तिथेच गळतो. म्हणून पॅनेलच्या खाली वारा खेळायला जागा ठेवायची. एका कोपऱ्यावर पडलेली नारळाच्या झावळीची सावलीसुद्धा त्या पॅनेलचा मोठा भाग मुका करते, हे तर अनेक बसवणारेही सांगत नाहीत.

शहरातल्या या रडगाण्यासमोर गावाकडचं चित्र ठेवलं की मन जरा वर येतं. महाराष्ट्रात शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी हातात धरून, सापकिरडू चुकवत दारं धरणं. शेतीच्या वाहिन्या दिवसा सौरविजेवर चालवायच्या, ही कल्पना २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आली. राळेगणसिद्धी हे त्यातलं सुरुवातीचं ठिकाण. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प, तीन मेगावॉटचा, २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. आणि माझ्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी त्याच वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. ज्या तालुक्यातून वीज डोंगर ओलांडून शहराकडे गेली, तिथली एक वाडी आज आपली वीज आपल्या कौलांवर करते. तिथे प्रत्येक घराला आपलं छत आहे, आणि ग्रामसभेत बसून ठरवायची सवय आहे. चेन्नई किंवा पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांकडे पैसे जास्त असतील, या दोन गोष्टी मात्र नाहीत.

इतर देशांतही हाच धडा वेगवेगळ्या तोंडांनी सांगितला जातोय. पाकिस्तानात वीज महाग झाली, बेभरवशाची झाली, तर लोकांनी वाट न बघता २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे सतरा गिगावॉटची पॅनेल आणवली. जर्मनीत भाडेकरूंसाठी बाल्कनीच्या कठड्याला अडकवायची, भिंतीतल्या प्लगला जोडायची छोटी पॅनेल निघाली. २०२४ मध्ये तिथल्या कायद्याने घरमालकाला सहजासहजी नकार देता येणार नाही अशी तजवीज केली, आणि अशा बाल्कन्यांची नोंद दहा लाखांपलीकडे गेली. तिथे भाडेकरूच्या अडचणीवर आधी यंत्राने आणि मग कायद्याने तोड काढली. मांबलमच्या भाडेकरूसाठी अशी तोड कोणी अजून मनावर घेतलेली नाही.

सौरऊर्जेच्या आरत्या ओवाळायला मी बसलेले नाही, म्हणून चार अडचणीही सांगते. २०२४ च्या मे महिन्यात तमिळनाडूची विजेची मागणी वीस हजार मेगावॉटच्या वर गेली. उन्हाळ्यात एसी रात्रभर चालतात आणि सूर्य साडेसहाला घरी जातो, म्हणून संध्याकाळी अजूनही एन्नोरचा कोळसा, नेयवेलीचा लिग्नाइट आणि कल्पाक्कमची अणुभट्टी यांच्याकडेच हात पसरावा लागतो. बॅटऱ्या स्वस्त होतायत, पण त्या पुरेशा यायला वेळ आहे. पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर ऐंशी टक्क्यांहून जास्त ताबा चीनचा आहे. मोठे प्रकल्प जमीन खातात. राजस्थानात माळढोकाच्या माळावरून जाणाऱ्या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि आज बसवलेली पॅनेल पंचवीस-तीस वर्षांनी भंगारात निघतील, त्यांची सोय लावणारे नियम नुकते कुठे रांगायला लागलेत. यातली जमिनीची अडचण गच्चीवर येत नाही, हा गच्चीचा मोठा गुण. आधीच सिमेंटने झाकलेल्या जागेवर कोणाचं रान जात नाही.

पुस्तकाची मांडणी या सगळ्याला धरून केली आहे. पहिल्या भागात पॅनेल, इन्व्हर्टर आणि मीटर यांचं काम, जेवढं घरमालकाला लागतं तेवढंच. दुसऱ्यात बिल वाचायचं कसं आणि आपल्याला सौर परवडतं की नाही हे कागद-पेन्सिलीने काढायचं कसं. काहींचं उत्तर "नाही" असं येईल, तेही प्रामाणिकपणे सांगितलं आहे. तिसरा भाग सर्वांत लांब. त्यात बैठका आहेत: ठरावाचा मसुदा, खर्चाची वाटणी, घर विकलं तर हिश्शाचं काय, गळती झाली तर पॅनेल कोण उचलणार, भाडेकरूचा हक्क कुठवर. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हे नसतं. सौरऊर्जा अडते ती बहुधा इथेच. जगाने सूर्य स्वस्त केला. शेजाऱ्यांची संमती मात्र कुठल्याही कारखान्यात बनत नाही, ती जिन्यात उभं राहून, कॉफी पीत, एकेका दारी मिळवावी लागते.

वाचकांना एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी खडूचा एक तुकडा घेऊन गच्चीवर जा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला टाकीच्या, जिन्याच्या, झाडाच्या सावल्यांच्या कडा जमिनीवर आखा. हे एकदा डिसेंबरात करा आणि एकदा जूनमध्ये, कारण सावल्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. मग तिथे कोण काय वाळवतं, कोण फिरायला येतं, मुलं कुठे खेळतात ते विचारा आणि त्या जागाही आखा. पॅनेल उरलेल्या जागेत बसवा. आमच्या गच्चीवर पहिला चौकोन मामींच्या वेष्टीचा आखला गेला, आणि चौदा महिने अडलेल्या ठरावावर पहिली सही त्यांनीच केली.

वेस्ट मांबलम, चेन्नई
रथसप्तमी